'राधेय' आणि 'कौंतेय' : कर्णकथेतील मूल आणि त्याचे हक्क

१. प्रश्नाची मांडणी

आधुनिक मराठी साहित्यात महाभारतातील ज्या व्यक्तिरेखांनी वाचकांचे मन सर्वाधिक काळ धरून ठेवले, त्यांत कर्णाचे स्थान अग्रभागी आहे. वि. वा. शिरवाडकरांचे 'कौंतेय' (१९५३) हे नाटक, शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) आणि रणजित देसाईंची 'राधेय' (१९७३) या कादंबऱ्या, तसेच इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मधील (१९६७) कर्णाविषयीचे विवेचन, एवढ्यावरून या आकर्षणाची व्याप्ती ध्यानात येते. हिंदीत रामधारीसिंह दिनकरांचे 'रश्मिरथी' (१९५२) आणि बंगालीत रवींद्रनाथांचा 'कर्णकुंतीसंवाद' (१९००) यांचा या संदर्भात विचार करावाच लागतो. या लेखनावर जी समीक्षा झाली, तिचे स्थूलमानाने तीन प्रवाह दिसतात. एक प्रवाह कर्णाला शोकात्म नायक मानतो, दुसरा त्याच्यात जातिव्यवस्थेने नाकारलेल्या गुणवंताचे प्रतीक पाहतो आणि तिसरा त्याच्या कथेत 'मी कोण?' या अस्तित्वविषयक प्रश्नाचा शोध घेतो.

या तिन्ही प्रवाहांतील कर्ण प्रौढ आहे. रंगभूमीवर अर्जुनाला आव्हान देणाऱ्या तरुणापासून त्याची कथा सुरू होते आणि नदीत सोडलेली पेटी ही तिची केवळ पूर्वपीठिका ठरते. प्रस्तुत लेखात हा क्रम उलटवून पाहण्याचा प्रयत्न आहे. कर्ण हे प्रथम एक टाकलेले आणि नंतर कोणीतरी आपले म्हणून वाढवलेले मूल आहे. ही वस्तुस्थिती केंद्रस्थानी ठेवली, तर मूळ महाभारत आणि आधुनिक कर्णकथा यांच्यात कोणते अंतर दिसते, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याच्या जोडीला भारतातील दत्तकविषयक विचार आणि कायदा यांची साक्ष घेतली आहे. दत्तकासंबंधीचे आजचे मध्यवर्ती प्राधिकरण आणि सर्वोच्च न्यायालय ही दोन्ही दिल्लीत आहेत. तेथे ज्या प्रश्नांचा निर्णय होतो, त्यांची चर्चा आपल्या वाङ्मयात फार पूर्वीपासून चालू आहे, हे दाखवणे तौलनिक अभ्यासाचे काम आहे.

एक पद्धतिविषयक खुलासा येथेच केला पाहिजे. प्राचीन ग्रंथाला आजच्या कायद्याच्या कलमांनी दोषी ठरवणे हा या लेखाचा हेतू नाही. कायद्याची परिभाषा येथे भिंगासारखी वापरली आहे. जे संहितेत आहे, परंतु वाचनाच्या सवयीमुळे आपल्याला दिसेनासे झाले आहे, ते पाहण्यापुरताच तिचा उपयोग.

२. एका मुलाची दोन नावे

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी दोन कर्णाला लागू पडतात. कन्येने पित्याच्या घरी गुप्तपणे जन्म दिलेला पुत्र 'कानीन' होय आणि तिच्याशी पुढे विवाह करणाऱ्याचा तो पुत्र मानला जातो. आईबापांनी, किंवा त्यांपैकी एकाने, टाकलेला व दुसऱ्याने स्वीकारलेला पुत्र 'अपविद्ध' होय आणि तो स्वीकारणाऱ्याचा ठरतो. म्हणजे एकच मूल एका नियमाने पंडूचे आणि दुसऱ्या नियमाने अधिरथाचे. कर्णकथेतील सगळा पेच या दोन नियमांच्या छेदबिंदूवर उभा आहे.

उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला रथात घेऊन जो युक्तिवाद करतो, तो नेमका पहिल्या नियमावर आधारलेला आहे. धर्मशास्त्रानुसार कानीन पुत्र आईच्या पतीचा असतो, म्हणून तू पांडव आहेस आणि ज्येष्ठ या नात्याने राज्यही तुझेच आहे, असे तो सांगतो. कर्णाचे उत्तर मात्र शास्त्राच्या पातळीवर राहत नाही. ते संगोपनाच्या तपशिलांनी भरलेले आहे. अधिरथाने मला पाहताक्षणी घरी नेले. माझ्यावरच्या मायेने राधेला पान्हा फुटला. तिने माझे मलमूत्र काढले. अधिरथाने माझा जातकर्मसंस्कार करवला, वसुषेण असे नाव ठेवविले, माझे विवाह लावून दिले. त्या घरी मला पुत्र आणि नातवंडे झाली. सबंध पृथ्वी किंवा सोन्याच्या राशी मिळाल्या तरी हे बंध तोडता येणार नाहीत, असा त्याच्या उत्तराचा मथितार्थ आहे.

प्राचीन वाङ्मयात दत्तक-नात्याची याहून नेमकी बाजू क्वचितच मांडली गेली असेल. येथे नाते सिद्ध होते ते दूध, मलमूत्र, नाव, संस्कार आणि विवाह या क्रमाने, म्हणजे मुलाच्या वाढीच्या क्रमाने. विशेष म्हणजे ही साक्ष स्वतः ते मूल देत आहे. दत्तकासंबंधीच्या धर्मशास्त्रीय चर्चेत देणारा बोलतो, घेणारा बोलतो, भाष्यकार बोलतात. जो दिला गेला त्याचे म्हणणे सहसा ऐकू येत नाही. महाभारताने ते ऐकवले आहे.

३. वंशासाठी मूल आणि मुलासाठी कुटुंब

मराठी भाषेची रचनाही या संदर्भात बोलकी आहे. 'दत्तक' या शब्दाच्या मुळाशी 'दिलेला' हा अर्थ आहे. हिंदीत 'गोद लेना' म्हणतात. तेथे मांडीवर घेण्याची क्रिया पुढे येते. मराठीत मूल दत्तक दिले जाते, घेतले जाते आणि ते 'दत्तक जाते'. या शेवटच्या प्रयोगात मूल व्याकरणदृष्ट्या कर्ता आहे. वस्तुतः त्या जाण्यात त्याची इच्छा कोणी विचारलेली नसते.

याचे कारण दत्तकाच्या हेतूत आहे. पिंडदान, वंशसातत्य आणि संपत्तीचा वारसा यांसाठी पुत्र हवा, म्हणून दत्तक. 'दत्तकमीमांसे'सारख्या ग्रंथांतील सूक्ष्म चर्चा मुख्यतः कोणाला देता येईल, कोणाला घेता येईल आणि गोत्र कसे पालटेल याभोवती फिरते. एकोणिसाव्या शतकात साताऱ्याचे राज्य (१८४८) आणि पुढे झाशीचे राज्य खालसा झाले, तेव्हा दत्तक हा शब्द मराठी माणसाच्या राजकीय जाणिवेत कायमचा कोरला गेला. तोही राज्याच्या वारसाचा प्रश्न म्हणून. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा एक शेतकरी-कुटुंबातील मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि पुढे महाराजा सयाजीराव म्हणून कीर्तिमान झाला. ही कथा आपण गादीला लाभलेल्या भाग्याची म्हणून सांगतो. मुलाच्या बाजूने ती सांगण्याची पद्धत नाही.

या परंपरेला पहिला मूलभूत छेद महाराष्ट्रात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी दिला. १८६३ साली पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. वैधव्यात गरोदर राहिलेल्या स्त्रियांना तेथे गुप्तपणे बाळंत होण्याची आणि मूल ठेवून जाण्याची सोय होती. तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी आपला म्हणून वाढवला. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याच्यासाठी तरतूद केली. यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाईंनी त्याच्या सहकार्याने रुग्णांची सेवा केली. पंढरपूरलाही १८७५ मध्ये अशाच स्वरूपाचे गृह सुरू झाले. या कार्यातील क्रम लक्षणीय आहे. मूल टाकले जाऊ नये म्हणून आधी आईला आधार, त्यानंतर मुलाला घर. वंश हा येथे विचाराचा विषयच नाही.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली व ती पुढे सौम्य करण्यात आली. या प्रकरणावरून उठलेल्या चर्चेच्या पार्श्वभूमीवर ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) लिहिली. दोषारोप स्त्रीवर होतो, त्या जन्माला तितकाच कारण असलेला पुरुष मात्र चर्चेत येत नाही, हा तिचा रोख आहे. कुंतीच्या कथेकडे पाहण्याची दृष्टी मराठीत प्रथम येथे उपलब्ध झाली होती. कर्णावरच्या पुढील लेखनाने तिचा पुरेसा उपयोग केला नाही, असे म्हणावे लागते.

४. कुंती : दिलेली मुलगी

कर्णकथेच्या चर्चेत एक गोष्ट सहसा विसरली जाते. कुंती हीसुद्धा दिलेली मुलगी आहे. शूराची कन्या पृथा निपुत्रिक कुंतिभोजाला दिली गेली आणि तिचे नावच बदलले. उद्योगपर्वात कृष्ण हस्तिनापुरी तिला भेटतो, तेव्हा आपल्या दुःखाचा पाढा वाचताना ती एका ठिकाणी थबकते. मी स्वतःला दोष देत नाही, दुर्योधनालाही देत नाही. मी माझ्या पित्याला दोष देते, असे ती म्हणते. धनवंताने धन देऊन टाकावे तसे, हातात चेंडू घेऊन खेळण्याच्या वयात, त्याने आपल्याला देऊन टाकले, अशी तिची तक्रार आहे. इतक्या वर्षांनंतर, मुलांचा वनवास भोगून झाल्यावरही, ही जखम तिला सर्वांत जुनी वाटते. दत्तक गेलेल्या मुलीच्या तोंडचा हा उद्गार महाभारताने जपून ठेवला आहे.

वनपर्वातील कुंडलाहरणपर्व या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. एक उग्र तपस्वी घरी येतो. कुंतिभोज त्याच्या सेवेसाठी या मुलीची नेमणूक करतो आणि तिच्या हातून चूक झाली तर कुळाचा नाश होईल, अशी जाणीव तिला करून देतो. म्हणजे कुटुंबाच्या सुरक्षिततेचा भार एका मुलीवर टाकला जातो. सेवेच्या फळादाखल तिला मंत्र मिळतो. त्याचा अर्थ तिला कोणी समजावून सांगत नाही. सूर्य प्रकट होतो, तेव्हा ती घाबरून त्याला परत जायला सांगते. हे बालिशपणाने घडले, माझे आईबाप आणि गुरुजन यांचाच या देहावर अधिकार आहे, असे विनवते. सूर्य तिला, तिच्या पित्याला आणि मंत्र देणाऱ्या ब्राह्मणाला भस्म करण्याची धमकी देतो. त्यानंतर ती अटी घालून संमती देते.

आपल्याकडे हा प्रसंग कुमारिकेच्या कुतूहलाचा किंवा अल्लडपणाचा म्हणून सांगितला जातो. कीर्तनापासून कादंबरीपर्यंत हीच रीत दिसते. संहितेत मात्र भय, धमकी आणि असहायता यांचे शब्द स्पष्ट आहेत. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य धरलेली नाही. त्यामागचे तत्त्व असे, की जेथे वय, सत्ता आणि भय यांचे पारडे एका बाजूला झुकलेले असते, तेथे होकाराला होकार म्हणता येत नाही. कुंतीचे वय महाभारत सांगत नाही. पण तिला 'बाला' म्हणते, आणि होकार कोणत्या परिस्थितीत आला हे तपशिलाने नोंदवते. मुलांवरील अत्याचाराची सर्वांत परिचित खूण अशी की, मोठ्यांच्या निष्काळजीपणाचे ओझे ते मूलच अपराध म्हणून आयुष्यभर वाहत राहते. कुंतीचे दीर्घ मौन या दृष्टीने पाहिले, तर ते केवळ लोकलज्जेचे उरत नाही.

यानंतर येते ती पेटी. धात्रीच्या मदतीने मेण लावून बंद केलेली, आत मऊ अंथरूण घातलेली. अश्वनदीतून चर्मण्वतीत, तेथून यमुनेत, मग गंगेत आणि शेवटी चंपेपर्यंत असा तिचा प्रवास आहे. कुंती रडते, मुलासाठी देवतांना आळवते आणि पुढे हेरांकरवी त्याची खबर ठेवते. हे वर्णन निष्ठुर आईचे नाही. जिला कोणताही आधार मिळाला नाही, अशा मुलीचे ते वर्णन आहे. त्याच यमुनेच्या काठी दिल्लीत, कुदसिया बागेच्या परिसरात, 'पालना' ही संस्था १९७८ पासून टाकलेल्या मुलांचा सांभाळ करीत आली आहे. मूल नदीत किंवा रस्त्यावर न सोडता तेथे ठेवून जाता यावे, म्हणून दाराशी पाळणा ठेवण्याची तिची प्रथा सर्वश्रुत आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मूल स्वाधीन करणाऱ्या आईबापांना फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. कुंतीला एक रात्रही मिळाली नव्हती.

५. आधुनिक कर्णकथेतील राधेचे स्थान

आता आधुनिक कृतींकडे वळू. 'मृत्युंजय'ची रचना सहा निवेदकांच्या आत्मकथनांतून झाली आहे: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. जन्मदात्री आईला या रचनेत स्वतःचा आवाज आहे. पत्नीला आहे, संगोपन करणाऱ्या कुटुंबातील धाकट्या भावालाही आहे. राधेला नाही. ज्या स्त्रीच्या पान्ह्याचा दाखला देऊन व्यासांचा कर्ण कृष्णाला नकार देतो, तिला निवेदनाचा अधिकार मिळत नाही, ही बाब आकस्मिक मानता येत नाही. कादंबरीचे रहस्य जन्माच्या गुपितात आहे. ज्याच्याजवळ गुपित, त्याला आवाज. राधेजवळ गुपित नाही, तिच्याजवळ केवळ रोजचे संगोपन आहे. शोणाच्या पात्राने सावंतांनी सूतकुटुंबाला जी ऊब दिली, तिचे मोल अर्थातच कमी नाही. महाभारतात कर्णानंतर अधिरथाला औरस पुत्र झाल्याचा केवळ उल्लेख आहे. त्यातून एका भावाचे सबंध विश्व उभे करणे ही लेखकाची स्वतंत्र प्रतिभा होय.

शिरवाडकर आणि देसाई यांची शीर्षके समोरासमोर ठेवली, तर वादाची दोन टोके आपोआप दिसतात. 'कौंतेय' हे जन्माचे नाव आहे, 'राधेय' संगोपनाचे. देसाईंनी पालक आईचे नाव शीर्षकात आणले, हा एक वाङ्मयीन न्याय होता. तथापि कथेचा भार कुरुकुलाच्या संघर्षावरच राहतो आणि शीर्षकातील राधा बहुतांशी नायकाच्या निष्ठेची खूण म्हणून उरते. दिनकरांच्या 'रश्मिरथी'त कुलापेक्षा गुण श्रेष्ठ हा विचार ओजस्वी वाणीत येतो. पण कर्णाचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी तो मुळात राजकुलातला व सूर्याचा पुत्र असल्याची जाण वाचकाला सतत हवीच असते. कुलाला नाकारणारे काव्यही कुलाच्या गुपितावरच पोसले जाते, ही अंतर्विसंगती या सर्व कृतींत कमीअधिक प्रमाणात आहे.

रवींद्रनाथांचा संवाद येथे वेगळा पडतो. आपण अधिरथाचे पुत्र आणि राधेच्या उदरी जन्मलेले, अशी स्वतःची ओळख देणारा हा कर्ण कुंतीच्या आवाजाने विचलित होतो. क्षणभर तो योद्धा राहत नाही, आईकडे ओढ घेणारे मूल होतो. त्याचा अखेरचा नकार म्हणूनच अधिक वेदनामय वाटतो. दोन आयांविषयी एकाच वेळी खरी असलेली ओढ या कवितेने मान्य केली. दत्तक मुलांच्या भावविश्वाचा विचार करणाऱ्यांना आज जे सांगावे लागते, ते येथे काव्यरूपाने आधीच सांगितले गेले आहे.

६. ओळख सांगण्याचा अधिकार आणि वेळ

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने मुलाचा नावाचा, ओळखीचा आणि शक्य तेथवर आईवडिलांना जाणण्याचा हक्क मान्य केला. भारताने १९९२ मध्ये ती स्वीकारली. त्याआधी १९८४ मध्ये, एका वकिलाच्या पत्रातून उद्भवलेल्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकांतील गैरप्रकारांची दखल घेऊन मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली होती. मूल शक्यतो जन्मदात्या कुटुंबातच वाढावे, ते अशक्य असेल तर देशात, आणि त्यानंतरच परदेशात, असा त्यांचा रोख होता. यातूनच पुढे केंद्रीय दत्तक यंत्रणा उभी राहिली. २०१४ च्या शबनम हाश्मी खटल्यात धर्माचा विचार न करता कोणालाही बालन्याय कायद्याखाली दत्तक घेता येईल, हे स्पष्ट झाले. मुलाच्या इच्छेचा वय व समज पाहून विचार करावा, असे २०१५ चा कायदा सांगतो. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात देणाऱ्याघेणाऱ्यांच्या पात्रतेला जे प्राधान्य होते, त्याच्याशी तुलना करता दृष्टी किती पालटली हे दिसते.

तरीही एक प्रश्न सुटलेला नाही. महाराष्ट्रातून व देशाच्या इतर भागांतून परदेशी दत्तक गेलेली मुले मोठी होऊन आपल्या मुळाचा शोध घेत येतात. नियमांनी हा शोध मान्य केला आहे, पण जन्मदात्या आईच्या गोपनीयतेचीही हमी दिली आहे. येथे पुन्हा कर्ण आणि कुंती समोरासमोर उभे राहतात. कोणाचा हक्क वरचढ मानावा? लेखकाच्या मते याचे एकच सर्वकालीन उत्तर देता येणार नाही. परंतु महाभारत एक निकष सुचवते. कर्णाला त्याची ओळख दोनदा सांगितली जाते आणि दोन्ही वेळा सांगणाऱ्याचा त्यात हेतू आहे. कृष्णाला युद्धाचे राजकारण साधायचे आहे, कुंतीला पाच पुत्र वाचवायचे आहेत. रंगभूमीवर कृपाचार्य कुल विचारतात, तेव्हा कुंती प्रेक्षकांत मूर्च्छित होते, पण बोलत नाही. घामाने भिजलेला, काठी टेकत आलेला अधिरथ मात्र सर्वांदेखत 'पुत्रा' म्हणून हाक मारतो आणि कर्ण अभिषेकाने ओले झालेले मस्तक त्याच्यासमोर लववतो. पुढे कर्ण कुंतीला विचारतो तो सवाल याच प्रसंगाशी जोडलेला आहे: आईचे कर्तव्य तू कधी केले नाहीस, आज स्वतःच्या हितासाठी मला उपदेश करतेस. ओळख हा मुलाचा हक्क आहे. ती दुसऱ्याच्या गरजेच्या वेळी आणि दुसऱ्याच्या सोयीने दिली गेली, तर त्या हक्काचे शस्त्र होते. शोध मुलाने सुरू करावा, त्याला साहाय्य मिळावे आणि आईच्या संमतीचा मान राहावा, ही आजची दिशा या निकषाशी सुसंगत आहे.

स्त्रीपर्वाच्या अखेरीस कुंती युधिष्ठिराला सत्य सांगते आणि कर्णाला भाऊ म्हणून जलांजली मिळते. जन्मदात्या कुळाने मृत्यूनंतर त्याला परत घेतले. त्या नदीकाठी राधा व अधिरथ यांचा उल्लेख नाही. ज्याने आयुष्यभर स्वतःला त्यांचा पुत्र म्हटले, त्याच्या शेवटच्या विधीत त्याचे म्हणणे मानले गेले नाही.

७. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला, महाभारताची संहिता टाकलेल्या व वाढवलेल्या मुलाचे म्हणणे आधुनिक कृतींपेक्षा अधिक स्पष्टपणे नोंदवते; आधुनिक कृतींचे लक्ष प्रामुख्याने जन्मरहस्यावर राहिले. दुसरा, कुंतीची कथा कर्णाच्या कथेची पूर्वअट आहे. संरक्षण न मिळालेली मुलगीच पुढे मूल टाकणारी आई होते, हा कार्यकारणसंबंध मराठी समीक्षेने फारसा पाहिला नाही. तिसरा, फुले दांपत्याच्या कार्यात आणि ताराबाईंच्या लेखनात या वाचनाची सामग्री मराठीतच होती. महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेला आज सावित्रीबाईंचे नाव आहे. मूल संस्थेत न जाता कुटुंबात वाढावे हा तिचा उद्देश आणि १८६३ चा विचार यांची दिशा एकच आहे.

पुढील अभ्यासासाठी एक सूचना करावीशी वाटते. भारतीय भाषांतील कर्णविषयक कृतींची तुलना आजवर नायकाच्या अंगाने झाली. ती राधेच्या अंगाने करून पाहावी. कोणत्या भाषेत, कोणत्या काळात, किती पृष्ठे आणि किती शब्द तिच्या वाट्याला आले, एवढी साधी नोंद जरी झाली, तरी संगोपनाला आपल्या साहित्याने काय किंमत दिली हे कळू शकेल. असे काम एका भाषेच्या अभ्यासकाला एकट्याने पेलणारे नाही. बंगाली, कन्नड, हिंदी आणि मराठी यांच्या जाणकारांनी एकत्र येऊन ते हाती घ्यावे.